मोका येथील दप्तरांत जपलेली नावे

गणेशोत्सवाच्या दिवसांत सायंकाळची आरती आटोपली, प्रसाद वाटला गेला आणि झाकरीचा ठेका थांबला, म्हणजे कास्काव्हेल, आँरिएत किंवा वाकवा येथील मराठी घरांच्या ओसरीवर वडीलधारी मंडळी जुन्या गोष्टी काढतात. पणजोबांच्या वडिलांनी जहाजात किती दिवस काढले, ऊसमळ्यावरचा सिरदार किती कडक होता, घरातली पहिली गणेशमूर्ती कोणी घडविली, अशा कथा रंगत जातात. अशा वेळी शाळेत जाणारे एखादे पोर सहज विचारते, "आजा, आपलं गाव कोणतं?" आजा अभिमानाने सांगतो, "रत्नागिरी." पोर पुन्हा विचारते, "रत्नागिरी तर जिल्हा आहे ना? मग गाव कोणतं?" ह्या दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. आजा क्षणभर गप्प होतो, आजी विषय बदलते आणि कोणीतरी चहा आणावयास उठते.

ह्यात आजाचा दोष नाही. ज्यांनी पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत ऊस तोडला, त्यांना वंशावळी लिहून ठेवण्यास सवड नव्हती. आणि बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. गावाचे नाव तोंडोतोंडी चालत आले, आणि एखाद्या पिढीत ते सांगणारा माणूस अकाली वारला की तेथेच तुटले. तथापि जे नाव घरात हरपले, ते पुष्कळदा अन्यत्र लिहिलेले आहे. ज्या सरकारी कारकुनांना ह्या माणसांच्या सुखदुःखाशी काही कर्तव्य नव्हते, त्यांनीच आपल्या कामाची गरज म्हणून ते नाव जाड वह्यांत टिपून ठेवले. त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या भारतीय आप्रवासी दप्तरखान्यात आहेत. मराठी समाजातील फार थोड्या घरांनी त्यांचे दर्शन घेतले आहे. म्हणून त्या संग्रहाचा परिचय येथे थोड्या विस्ताराने करून देणे उचित होईल.

संस्था आणि तिचा संग्रह

गांधीजी १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून स्वदेशी परतत असता वाटेत ह्या द्वीपावर काही दिवस थांबले होते. त्यांच्या नावाची ही संस्था भारत आणि मॉरिशस ह्या दोन देशांच्या सरकारांनी मिळून उभारली. तिचा कायदा १९७० साली झाला, आणि ९ ऑक्टोबर १९७६ रोजी श्रीमती इंदिरा गांधी व सर शिवसागर रामगुलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. संगीत, नृत्य, चित्रकला आणि भारतीय भाषा यांचे शिक्षण तेथे दिले जाते. मराठीलाही तेथे स्वतंत्र स्थान असून, मॉरिशस विद्यापीठाच्या सहकार्याने तेथे पदवीपर्यंतचा अभ्यास करता येतो. संस्थेच्या ग्रंथालयात भारतीय भाषांतील ग्रंथ आहेत. शेजारी भारतीय आप्रवासाचे लोकसंग्रहालय आहे, तेथे पूर्वजांची भांडीकुंडी, अवजारे, दागिने व वाद्ये मांडलेली आहेत. परंतु सर्वांत मोलाचा भाग म्हणजे दप्तरखाना. पोर्ट लुई येथील जुन्या आप्रवासी खात्याची रजिस्टरे तेथे सांभाळली आहेत. ग्रंथालयातील पुस्तक हरवले तर त्याची दुसरी प्रत विकत आणता येते. ह्या दप्तरातील फाटलेल्या पानाला दुसरी प्रत नसते. विशेष संग्रह म्हणून त्याची जी निगा राखावी लागते, तिचे कारण हेच.

ही रजिस्टरे का लिहिली गेली, हे समजल्याशिवाय ती नीट वाचता येत नाहीत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. तत्पूर्वीच मळेवाल्यांनी स्वस्त मजुरांसाठी भारताकडे दृष्टी वळविली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' हे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले, आणि शर्तबंद मजुरीचा अध्याय सुरू झाला. आरंभीच्या काही वर्षांत इतका अनाचार माजला की सरकारला ही वाहतूक थांबवावी लागली. १८४२ साली ती पुन्हा सुरू झाली, ती सरकारी देखरेखीखाली. आणि आता कलकत्ता व मद्रास यांच्या जोडीला मुंबई बंदरही खुले झाले. ह्याच दाराने मराठी माणूस ह्या द्वीपावर आला.

१८४९ साली त्रू फांफारोन येथे आप्रवासी तळ बांधण्यात आला. त्याच्या सोळा पायऱ्या आजही उभ्या असून, आप्रवासी घाट म्हणून त्या स्थानाला २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय ह्या द्वीपावर उतरले. १८६१ च्या शिरगणतीत सुमारे ३ लाख १० हजार लोकवस्तीपैकी १ लाख ९२ हजारांहून अधिक लोक भारतीय होते. तिन्ही बंदरांत मुंबईचा वाटा सर्वांत लहान होता. म्हणूनच ह्या प्रचंड दप्तरात मराठी नावे शोधणे म्हणजे तांदळाच्या राशीतून मोजके गव्हाचे दाणे वेचण्यासारखे आहे. पण ते दाणे तेथे आहेत, ह्यात शंका नाही.

एका ओळीत एक आयुष्य

जहाज बंदरात लागल्यावर उतरणाऱ्या प्रत्येकास एक क्रमांक मिळे. हा क्रमांक मरेपर्यंत त्याची पाठ सोडीत नसे. रजिस्टराच्या रुंद पानावर क्रमांकापुढे त्या माणसाचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जात, गाव, परगणा व जिल्हा, जहाजाचे नाव, आगमनाची तारीख आणि ज्या मळ्याकडे त्यास पाठविले त्या मळ्याचे नाव, असे रकाने भरले जात. सर्वच वर्षांच्या नोंदी सारख्या सविस्तर नाहीत. काही ठिकाणी गावाचा रकाना कोरा आहे, काही ठिकाणी केवळ जिल्हा लिहून कारकून पुढे गेला आहे. उलट काही पाने इतकी भरलेली असतात की, कपाळावरील व्रण किंवा हातावरील गोंदण वाचून तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

पुढच्या काळात त्याच ओळीवर निरनिराळ्या हातांनी व निरनिराळ्या शाईने आणखी काही शब्द घातले जात. करार संपला, दुसऱ्या मळ्यावर गेला, विवाह नोंदला, पळून गेला, स्वदेशी परतला, मरण पावला. आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक परत गेले. जे राहिले त्यांच्या ओळीच्या शेवटी मृत्यूची तारीख येते. एका ओळीत एक आयुष्य आटोपते. वाचणाऱ्यास मात्र हे ध्यानात ठेवावे लागते की, ही ओळ त्या माणसाने सांगितलेली कहाणी नव्हे. त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या सत्तेने केलेली ती टिपण आहे. 'पळून गेला' असे कारकून लिहितो, तेव्हा तो का पळाला ते लिहीत नाही. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची जी रीत होती, तिची आठवण ठेवून ती दोन अक्षरे वाचली पाहिजेत.

दप्तरातील छायाचित्रांची कथाही अशीच आहे. करार पुरा केलेल्या जुन्या आप्रवाशांवर १८६७ च्या कायद्याने छायाचित्र चिकटवलेले ओळखपत्र सदैव जवळ बाळगण्याची सक्ती केली. ते जवळ नसल्यास मनुष्य भटक्या ठरून तुरुंगात जाई. ओळखपत्राचा खर्चही त्यालाच सोसावा लागे. ह्या जाचाविरुद्ध १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हित्झ यांच्या साह्याने जुन्या आप्रवाशांनी गव्हर्नरांकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या व निशाण्या होत्या. परिणामी १८७२ साली एक शाही आयोग येथे आला. त्याच्या दोन सभासदांपैकी विल्यम एडवर्ड फ्रीअर हे मुंबई इलाख्याच्या न्यायखात्यात काम केलेले गृहस्थ होते. आयोगाचा अहवाल १८७५ साली प्रसिद्ध झाला आणि मजुरांच्या अनेक गाऱ्हाण्यांना त्याने दुजोरा दिला.

पूर्वजांना अपमान करण्यासाठी काढलेली ती छायाचित्रे आज वंशजांचे धन झाली आहेत, हा काळाचा विचित्र न्याय होय. डोक्यास मुंडासे, अंगावर जाडाभरडा कपडा, आणि यंत्राकडे रोखलेली कठोर नजर. ह्या माणसाला हसण्याचे काहीच कारण नव्हते. परंतु नातवंडांच्या नातवंडांना त्याच नाकाची ठेवण आणि त्याच भुवया आपल्या घरात ओळखू येतात. छायाचित्रे सर्वांची नाहीत. जे ह्या कायद्यापूर्वीच वारले किंवा परत गेले, त्यांचे मुख आता कोणास दिसणार नाही; त्यांच्या वंशजांना ओळीवरच समाधान मानावे लागते.

शोधाची वाट

दप्तरखान्यात जाऊन "आमचे पूर्वज दाखवा" असे म्हणण्याने काम होत नाही. शोध उलट दिशेने, म्हणजे आजच्या माणसापासून मागे, करावा लागतो. प्रथम आपला व आईबापांचा जन्मदाखला, नंतर आजा-आजीचा जन्म, विवाह व मृत्यू यांचे दाखले नागरी नोंदणी कार्यालयातून मिळवावेत. असे एक एक पाऊल मागे जाता जाता एक दाखला असा हाती येतो की, ज्यात बापाच्या किंवा आईच्या नावापुढे आप्रवासी क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक म्हणजे दप्तराची किल्ली होय. क्रमांक हाती असल्यास नोंद शोधणे सुकर होते. क्रमांक नसेल तर नाव, जहाज, मळा व अंदाजी वर्ष यांच्या आधाराने शोध घ्यावा लागतो आणि त्यास बराच काळ लागतो. मूळ रजिस्टरे जीर्ण झाल्यामुळे ती ज्याच्या त्याच्या हाती दिली जात नाहीत. वंशजाने कागदपत्रांसह अर्ज केल्यास जाणकार सेवक शोध घेतात व नोंदीचा उतारा देतात.

मराठी घरांस ह्या वाटेवर एक विशेष अडचण येते. महाराष्ट्रात मनुष्याच्या नावापुढे बापाचे नाव व आडनाव येते. येथील कारकुनास ह्या पद्धतीची ओळख नव्हती. त्याने विचारले, "नाव काय?" कोकणातील गड्याने आपले नाव सांगितले. तेच पुढे साऱ्या कुळाचे आडनाव बनले, आणि मूळचे आडनाव कोठेच उतरले नाही. म्हणून येथील कित्येक मराठी कुळांची आडनावे वस्तुतः एका पूर्वजाची पाळण्यातली नावे आहेत, आणि त्यांच्या अखेरीचा 'जी' किंवा 'बा' अजूनही ती खूण सांगतो. त्यातच आणखी एक गुंतागुंत अशी की, केवळ धार्मिक विधीने लागलेले लग्न नागरी नोंदीवाचून कायद्यास मान्य नव्हते. त्यामुळे एकाच आईबापांची मुले दोन निराळ्या नावांनी नोंदली गेल्याचे आढळते. ज्यांना आज आपण परके समजतो, ते दप्तराच्या पानावर चुलत घराणे निघण्याचा संभव असतो.

मराठी ही दुसरी किल्ली

क्रमांक ही पहिली किल्ली खरी. पण तिने दार उघडले तरी आतला अंधार जात नाही. त्यासाठी मराठी भाषेचा दिवा लागतो. रजिस्टरे रोमन अक्षरांत लिहिलेली आहेत. त्या लिपीत 'ट' आणि 'त', 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांचा भेद उरत नाही. लिहिणारा कधी इंग्रजी वळणाने लिही, कधी फ्रेंच वळणाने. म्हणून एकच 'धोंडू' एका पानावर 'डोंडू' व दुसऱ्यावर 'दुंदू' होऊ शकतो. 'विठोबा'चा 'वितोबा' आणि 'सखू'चा 'साकू' होण्यास वेळ लागत नाही. ज्यास मराठी येत नाही, त्यास ही निरर्थक अक्षरे वाटतात. ज्याच्या कानांत ती भाषा आहे, तो ओळ मोठ्याने वाचतो आणि नाव आपोआप मूळ रूपात उमटते.

गावांच्या नावांबाबत तर हे अधिकच खरे आहे. कारकुनाने केवळ 'वाडी' लिहिले असेल, तर मराठी जाणणाऱ्यास कळते की कोकणात प्रत्येक गावाला अनेक वाड्या असतात आणि हे गावाचे पूर्ण नाव नव्हे. 'खेड' असे लिहिले असल्यास रत्नागिरी जिल्ह्यात एक खेड आहे आणि पुणे जिल्ह्यातही एक खेड आहे. जवळचा जिल्ह्याचा रकाना वाचल्याशिवाय निर्णय करता येत नाही. मालवण व देवगड हे भाग त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत. १९८१ साली सिंधुदुर्ग हा निराळा जिल्हा झाला, तेव्हा ते तिकडे गेले. ज्या कुळाने 'रत्नागिरी' हे नाव पाच पिढ्या जपले, त्याचे गाव आज रत्नागिरी जिल्ह्यात नसूही शकेल. सावंतवाडी हे त्या वेळी संस्थान होते. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले, त्यामुळे त्या आधीच्या व नंतरच्या नोंदींत त्या मुलखाचा उल्लेख एकाच रीतीने येईल असे नाही. १८८० साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये रत्नागिरी व सावंतवाडी यांचा एक स्वतंत्र खंड आहे. संशयित नाव त्याच्याशी ताडून पाहिल्यास पुष्कळ गुंता सुटतो. मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या वास्तूतील महाराष्ट्राच्या पुराभिलेखागारात मुंबई सरकारची जुनी दप्तरे आहेत, आणि लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात इंडिया ऑफिसची कागदपत्रे आहेत. मोक्याची ओळ, मुंबईचे पत्र आणि लंडनची प्रत ही तिन्ही एकत्र आली, म्हणजे एका जहाजाची पूर्ण हकीकत उभी राहू शकते.

ह्या कामास मराठी परंपरेत मोठा आधार आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, आणि घराघरांतील जुने कागद मिळवून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही कागद जमविण्याच्या ह्याच ध्यासातून. त्यांनी शोधलेले कागद सरदार-सेनापतींचे होते. मॉरिशसच्या मराठी समाजाचे कागद कुदळ-कोयता धरणाऱ्यांचे आहेत. म्हणून त्यांचे मोल उणे ठरत नाही. उलट ज्यांच्याविषयी बखरकारांनी एक ओळही लिहिली नाही, त्यांची नावे येथे एकेक करून लिहिलेली आहेत.

सत्यास सामोरे जाण्याचे धैर्य

दप्तरखान्यात न जाण्याचे एक कारण कोणी उघड बोलत नाही; ते म्हणजे भीती. घरात चालत आलेली कथा आणि रजिस्टरातील ओळ यांचा मेळ बसला नाही तर काय, ही ती भीती. कोणाच्या घरी सांगत असतात की पूर्वज लढवय्या कुळातला होता. पानावर निराळीच जात लिहिलेली आढळते. कोणाचा पूर्वज स्वतःच्या इच्छेने आला अशी समजूत असते. पानावर दिसते की वर्ष दोन वर्षांत तो मळ्यावरून पळाला होता. मुंबई इलाख्यातून कुणबी आले, मराठे आले, महार आले. समुद्राने त्यांच्यात भेद केला नाही आणि मळ्याच्या कोठारातील तांदूळ-डाळ सर्वांना एकाच मापाने मिळाली. जहाजाच्या एकाच तळमजल्यावर ज्यांनी वादळे सोसली, त्यांच्या वंशजांनी दीडशे वर्षांनंतर एका रकान्यास भ्यावे, हे शोभत नाही.

शिवाय हा रकानाही सर्वस्वी विश्वसनीय नाही. विचारणारा परका, सांगणारा घाबरलेला, मध्ये दुभाष्या. अशा स्थितीत चुकीची किंवा मुद्दाम बदललेली माहिती लिहिली जाणे अगदी शक्य होते. कोणी मागील आयुष्य मागेच टाकण्यासाठी नवे नाव सांगितले असेल, तर तो त्याचा अधिकार होता. वंशजाने ती ओळ न्यायाधीश होऊन वाचू नये, तर नातवाच्या नम्रतेने वाचावी. पूर्वज जसा होता तसा त्याला नमस्कार करता आला, तरच पितृपक्षात त्याच्या नावाने दिलेल्या पाण्याला अर्थ आहे.

घरची पेटी आणि वेळेचा प्रश्न

दप्तरखान्यात सर्व काही आहे, असा समज मात्र नसावा. रजिस्टर सांगते की अमुक माणूस अमुक मळ्यावर गेला. तेथे त्याने देऊळ कसे उभारले, कोणते अभंग म्हटले, मुलीचे लग्न कोणाशी लाविले, हे ते सांगत नाही. ही माहिती घरच्या पेटीत असते: जुनी ओळखपत्रे, मोडी किंवा बाळबोध अक्षरांतली एखादी पोथी, जमिनीच्या तुकड्याची पावती, लग्नातले पिवळे पडलेले छायाचित्र. ह्या पेट्यांचे शत्रू पुष्कळ. वाळवी आहे, दमट हवा आहे, चक्रीवादळ आहे. १९६० च्या फेब्रुवारीअखेर आलेल्या कॅरोल वादळाने हजारो घरांची छपरे उडाली. छपरे पुन्हा बसली, परंतु भिजून लगदा झालेले कागद परत आले नाहीत. आणि ह्या सर्वांहून मोठा शत्रू म्हणजे नवे घर बांधताना जुनी पेटी कचऱ्यात टाकणारा आपलाच मुलगा.

कागदांहून नाजूक वस्तू म्हणजे माणसाची आठवण. ज्या आजीला आपल्या आजीचे नाव ठाऊक आहे, ती शोधाच्या साखळीतील असा दुवा आहे की जो कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. स्त्रियांची नावे विवाहानंतर बदलतात, टोपणनावांखाली झाकली जातात. त्यांचा उलगडा केवळ घरातील वृद्ध स्त्रीच करू शकते. ती गेली की दाखला असूनही तो कोणाचा, हे सांगणारे कोणी उरत नाही. दप्तरातील पाने थंड खोलीत, सेवकांच्या देखरेखीखाली आणखी कित्येक वर्षे टिकतील. आजीच्या आठवणीस तेवढा अवधी नाही. म्हणून दप्तरखान्याकडे जाणारी वाट घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या खाटेपासून सुरू झाली पाहिजे.

जगाने ह्या संग्रहाचे महत्त्व ओळखले आहे. मॉरिशसमधील शर्तबंद आप्रवासाच्या नोंदींना २०१५ साली युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत स्थान मिळाले. मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनास येथे आल्या असता, सातव्या पिढीतील भारतवंशीयांनाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या पत्राची वाट खुली केल्याचे त्यांनी घोषित केले. भारतीय वंशाचा पुरावा म्हणून मोक्याच्या उताऱ्याचा उपयोग होत असल्याने अनेकांची पावले तिकडे वळत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पत्र हाती पडले की उतारा खणात टाकून द्यावयाचा, इतकाच जर त्याचा उपयोग होणार असेल, तर पूर्वजांची ओळ पुन्हा एकदा सरकारी कामाचा कागद होऊन राहील. तो उतारा चौकटीत बसवून देवघराजवळ लावावा, आणि मुलांना त्यातील प्रत्येक शब्द मराठीत मोठ्याने वाचावयास लावावा.

येथे शाळांतून मराठी शिकणारी मुले आहेत, महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत, गावोगाव मंडळे आहेत. ह्या तिघांनी मनावर घेतल्यास एक सोपे काम सहज पार पडेल. प्रत्येक मंडळाने येत्या गणेशोत्सवात एक कोरी वही ठेवावी. सभासद घराण्याने तीत चार गोष्टी लिहाव्यात: ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या पूर्वजाचे नाव, मळ्याचे नाव, घरात ऐकलेले गावाचे नाव आणि क्रमांक मिळाला असल्यास तो क्रमांक. मराठी शिकणाऱ्या तरुणांनी ती वही घेऊन वृद्धांकडे बसावे, नावांचा शुद्ध उच्चार लिहून घ्यावा आणि मग मोक्यास अर्ज करावा. ह्यास फारसे द्रव्य लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, थोडी चिकाटी आणि भाषेचे ज्ञान. आणि ही शेवटची गोष्ट मराठी समाजावाचून दुसरे कोणी पुरवू शकणार नाही.

असे झाले, तर पुढील एखाद्या गणेशोत्सवात ओसरीवर पोर पुन्हा विचारील, "आजा, आपलं गाव कोणतं?" आजा तेव्हा जिल्ह्याचे नाव सांगून थांबणार नाही. तो गावाचे नाव सांगेल, वाडी सांगेल, जहाज सांगेल. आणि जो माणूस त्या जहाजातून उतरून सोळा पायऱ्या चढला, त्याचे नाव, त्याच्या बापाच्या नावासह, मराठी उच्चारात सांगेल.